खळीचं फडकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

साठ सालानंतरची गोष्ट. मालवणच्या वरच्या अंगाला एका गावात मी हवेच्या नोंदी घ्यायचो. खाडीपलीकडे तेच काम इनास करायचा. माझा जिवलग — माझी नोकरीसुद्धा त्यानेच शब्द टाकून मिळवून दिलेली. झडपांच्या पेटीत दोन तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं मलमल. हवा जितकी कोरडी, तितका ओल्याचा पारा खाली. दोघांतल्या फरकावरून हवेतली वाफ कळते.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या वेधशाळेतून आलेलं मलमल संपलं. मी काय केलं? घरातल्या कोऱ्या कापडाची पट्टी बांधली. आधी उकळून खळ काढावी लागते — माहीत होतं हो मला! कंटाळा केला. खळीचं फडकं पाणी ओढेना, पारा उतरेना, आणि ऐन थंडीत माझी हवा चिंब! दिसत होतं, तरी लिहीत गेलो.

पुण्याचे साहेब खूश. त्या वर्षी समुद्र नेहमीपेक्षा तापलेला. समुद्र तापला की वाफ वाढते, ती पार वर पोचली तर तिथला ओझोनही घटतो, असा त्यांचा कयास. माझे आकडे त्यांना हवे तसेच. इनासचे मात्र कोरडे. दोघंही खरे कसे? साहेब तपासायला निघाले.

ते यायच्या सकाळी मी फडकं सोडलं — पापडासारखं कडक. ते चुलीत टाकलं, उकळलेलं बांधलं. तोवर चैत्र लागलेला, हवा खरीच दमट. माझी पेटी चोख!

इनासलाही बोलावलेलं. "घरी बसून लिहितोस काय?" साहेबांनी विचारलं. तो माझ्याकडे वळला. "तू सांग रे यांका. माका वळाखतंस मा?"

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललोही — काय बोललो? "साहेब, इनास मासे गरवायला जातो अधूनमधून." खोटं नव्हतं. पण नोंद घेऊन झाल्यावर जायचा, हे मी गिळलं. असला नीच मी.

त्याची नोकरी गेली. घरी म्हातारी आई, लहान पोरी. मुंबईच्या बोटीत चढण्याआधी तो मला भेटायला आला. वाटलं, आता शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या! पण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझाच कायतरी चुकला आसतला रे."

मी म्हटलं, "आसात, चुकला आसात."