पेटी नंबर चार

आमच्या शेजारच्या लिफ्टकाकांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. तीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली, आणि निवृत्त झाल्यावर घुबडांना पेट्यांत घालायला लागले. "काका, सूड उगवताय का?" असं मी तोंडावर विचारलंय. ते हसले नाहीत. त्यांना विनोद कळायला पाऊण तास लागतो. मग जिन्यात एकटेच हसतात.

पेट्या ते गॅलरीत बनवतात. जाड प्लायवूड, वीतभर गोल तोंड, बाजूला कडीचं छोटं दार, आत लाकडाच्या भुशाचा थर. वर सुबक आकडा. "खाली 'कमाल सहा व्यक्ती' लिहायचं राहिलं," असं काकू म्हणतात. पक्षिमंडळाच्या बाईंनी सोपवलेल्या अशा नऊ पेट्या ते सांभाळतात, आणि त्यातली चार नंबरची माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पलीकडून टेकलेली आहे. पलीकडे म्हणजे साबणाच्या बंद कारखान्याचा माळा.

सासूबाई त्याच भिंतीशी दुपारी आडव्या होतात. एक दिवस डोळे न उघडता म्हणाल्या, "भिंतीत कुणीतरी निजलंय. बाई आहे."

मी हसले आणि गॅस बारीक केला. खरंच, भिंत श्वास घेत होती. लांब, खरखरीत, नाक चोंदलेल्या माणसासारखा. काकांनी समजावलं की ही गव्हाणी घुबडाची मादी, अंड्यांवर बसलीय, अशा आवाजात नराकडे खायला मागते. माहिती असली की भीती जाते म्हणतात; म्हणणाऱ्याच्या भिंतीत काही नसावं.

पेटी तपासायची काकांची एक रीत आहे. आधी चिंध्या भरलेला पायमोजा पेटीच्या तोंडात कोंबायचा, नाहीतर मादी बिथरून उडते आणि अंडी कायमची टाकते. मग बाजूचं दार किलकिलं करून अंडी मोजायची, दार लावायचं, दहा मिनिटं गप्प बसायचं. ती शांत झाली की दोरीने मोजा अलगद ओढायचा.

एकदा तपासायला गेले त्या दिवशी पाच अंडी निघाली. काका ती दहा मिनिटं मोजत बसले होते, आणि तेवढ्यात मी माळ्याची शिडी चढले. पोटात बातमी मावत नव्हती. "काका, खालच्या शिंप्याने मिशा काढल्या. त्याचाच कुत्रा त्याला घरात घेत नाहीये!"

जन्मात पहिल्यांदा काकांना विनोद जागेवर कळला. हसून हसून डोळे पुसत ते माझ्यामागोमाग शिंपी बघायला उतरले.

संध्याकाळी भिंतीत ठक झालं. मग ठक, ठक. मग नखांनी खरवडल्यासारखं. अंधार पडल्यावर कारखान्याच्या छपरावर काहीतरी ओरडलं, जाड कापड फाडावं तसं. सासूबाईंनी खाट बाहेर ओढायला लावली. मी मात्र सगळ्या बिल्डिंगला तिखटमीठ लावून सांगितलं की जुना साबणवाला उरलेल्या वड्या मोजायला आलाय. काका एवढंच म्हणाले, "नर-मादीचं त्यांचं काहीतरी चाललं असेल. आपण मध्ये पडू नये."

दुसऱ्या दुपारी भिंत थांबली. ठक नाही, श्वासही नाही. "गेली वाटतं पाहुणी," मी म्हटलं.

तिसऱ्या सकाळी काकू कपडे वाळत घालत होत्या. "अहो, तो चिंध्यांचा मोजा धुवायला टाकला नाहीत या वेळी? कुठे ठेवलात?"

काका उभे राहिले. चपला न घालताच निघाले. मी मागे.

माळ्यावर उन्हाचे पट्टे पडले होते. पेटीच्या तोंडापुढच्या फळीवर उंदीर मांडलेले होते. सात. एकाला एक लागून, सगळ्यांची डोकी एकाच बाजूला. शेवटच्याचं रक्त अजून ओलं होतं. वर तुळईवर भर उजेडात नर बसलेला, पांढरंफेक तोंड घेऊन. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. तो मोज्याकडे पाहत होता.

काकांनी दोरी ओढली. मोज्याची आतली बाजू फाडून धागे धागे केलेली होती. पेटीचं तोंड काळंभोर. आतून काही नाही.

मग काकांनी बोटाने प्लायवूडवर टकटक केलं, आणि तीस वर्षं बंद दारांबाहेर ज्या आवाजात बोलले असतील त्या आवाजात म्हणाले, "आत कोण आहे? घाबरायचं नाही. दार उघडलंय. सावकाश."

उत्तर यावं की येऊ नये, मला कळेना.

आलं. बारीक, खरखरीत, एकच श्वास. तुळईवरून नर माझ्या कानाजवळून गेला; आवाज शून्य, नुसता वारा लागला. एक उंदीर उचलून तो त्या काळोखात शिरला.

काकांनी तिथूनच पक्षिमंडळाच्या बाईंना फोन लावला. "चार नंबर मी बंद करून विसरलो. दोन दिवस." आता माझं नाव निघणार म्हणून मी पदराचं टोक पिळत होते. निघालं नाही.

"अंडी?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. ती बसलीय. उघडणार नाही मी."

"महिनाभर वर जाऊ नका. एकही पिल्लू निघालं नाही, तर पेट्या दुसऱ्या कुणाकडे द्याव्या लागतील, काका."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी काका माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात, कान भिंतीला लावून. चहावर साय धरते. मी तोंड मिटून पोळ्या लाटते. हे माझ्या माहेरी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. सासूबाई दारातून विचारतात, "आहे का?"

"आहे. एकटीच."

सव्विसाव्या दिवशी श्वास फुटला. त्या मोठ्या श्वासाखाली आणखी एक, सुईएवढा, भलत्याच तालात. माझा डाव पातेल्यातच राहिला. सासूबाईंनी कान झाकले. काकांनी एक बोट वर केलं.

दोन दिवसांनी दोन झाली. मग तीन. आता भिंतीत एवढे जण एकदम श्वास घेतात की मी फोडणीसुद्धा हळू देते.

आज चौथं बोट वर आहे. अंगठा अजून तळहातात मुडपलेला. काकांनी डोळे मिटून कान भिंतीला आणखी दाबलाय.