गोरक्षच्या डायनामोचे कार्बन

मालेगावच्या गाड्या सुटत त्या मालेगाव स्टँडजवळ निवृत्तीचं मोटारसायकलींच्या वायरिंगचं दुकान होतं, त्याला लागून माझं सायकलींचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाडीची बॅटरी उतरली की लोक बॅटरीलाच शिव्या घालायचे, नवी आणायचे, थोड्या दिवसांत तीही बसायची. मग गाडी ढकलत निवृत्तीकडे. तो बॅटरीला हातही लावायचा नाही. गाडी सुरू करून, चालत्या इंजिनावर बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या टोकांना दोन तारांचा बल्ब धरायचा. बल्ब लख्ख पेटला तर डायनामो बरा, दोष पुढे, बॅटरीकडे वीज सोडणाऱ्या कटआऊटमध्ये. नुसताच लालसर झाला तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे तुकडे, झिजलेले. मी कोणाची उगाच तारीफ करत नाही, पण निवृत्तीचं निदान चुकलेलं मला आठवत नाही.

त्याची बायको साळूबाई काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर त्याच्याकडे येणारं माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ गोरक्ष. अंजनेरीजवळ त्याची शेती. दर बुधवारी नदीकाठच्या, आम्ही गंगेवरचा म्हणतो त्या बाजारात भाजी विकायची आणि जाताना दाजींच्या दुकानात टेकायचं. त्याच्या मोटारसायकलीत काहीतरी बिघाड असायचाच. निवृत्ती डायनामो उघडायचा, दोघं साळूबाईच्या गोष्टी काढायचे. आठवड्यातून तेवढाच वेळ हा माणूस हसायचा. गोरक्ष यायचा बंद झाला तर निवृत्तीचं काय होईल, हा विचार मलासुद्धा नकोसा वाटे.

त्या वर्षी दिवाळीनंतर गोरक्षच्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरू लागली. निवृत्तीनं बल्ब लावला, लालसर झाला. कार्बन पार झिजले होते. त्यानं ते घासले, साफ केले आणि तेच परत बसवले. नवी जोडी तर खणात पडून होती. गोरक्ष गेल्यावर मी विचारलं, "घातली का नाहीस?"

"घातली की वर्षभर बघायला नको," तो म्हणाला. "मग येईल कशाला तो?"

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी माझ्या दुकानात परतलो. असे चार-पाच बुधवार गेले. गोरक्ष दिवसाउजेडी घरी पोचायचा, त्यामुळे अडत काही नव्हतं.

एका बुधवारी साळूबाईचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. बोलणं लांबलं. गोरक्ष दोनदा उठला, निवृत्तीनं दोनदा चहा मागवून त्याला बसवलं. थंडीचे दिवस, निघेपर्यंत सूर्य बुडाला होता. अंजनेरीच्या वाटेवर महिरावणीच्या पुढे झिजके कार्बन टेकेनासे झाले. बॅटरीत आधीच जीव नव्हता. हेडलाइट पिवळा पडत पडत विझला आणि रस्त्यात कंदील न लावलेली उसाची बैलगाडी होती.

डावा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

दवाखान्यात मी निवृत्तीबरोबर गेलो होतो. तो खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "गोरक्षा, नवे कार्बन होते माझ्याकडे. मुद्दाम नाय घातले. तू येत राहावास म्हणून."

गोरक्षनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं निवृत्तीचा हात धरला.

"ठाव होतं, दाजी. तुमच्यावानी माणूस एकच दोष इतक्यांदा काढतोय, मला काय कळत नाय? म्हटलं, राहू द्या, तेवढंच तुमच्या जिवाला बरं. पन गाडी चांगली असती तरी बी मी आलो असतो. ताईनं जाताना तेवढंच मागितलं व्हतं माझ्याकडं."

निवृत्तीनं हात सोडवून घेतला आणि तो बाहेर गेला.

अंजनेरीला जायला एसटी होती. मी निवृत्तीला कितीदा म्हणालो, चल, मी येतो बरोबर. तो हो म्हणायचा. गोरक्षला आता येणं शक्य नव्हतं, आणि याचा पाय शेवटपर्यंत उचलला नाही.