पुस्तकातली सविता, पडद्यावरची सविता

जालन्याच्या बसस्थानकावर जाफराबादच्या गाडीची वाट पाहत होते, तेव्हा सुमनताईंच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना झाला.

ताई आणि मी एकाच शाळेत अठरा वर्षं शिकवलं. त्या मराठी, मी गणित. आपल्या मुलींना वाचायला आपल्याकडचं काहीच नाही, ही त्यांची जुनी तक्रार. एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी स्वतःच कादंबरी लिहायला घेतली. तिच्यातली सविता नुकती वीस वर्षांची झालेली. वडिलांचा पाय अधू होतो, आणि ही पोरगी परवाना काढून घरची काळी-पिवळी जीप चालवायला घेते. आधी तिच्या गाडीत कुणी बसत नाही. शेवटी आसपासच्या वाड्यांवरच्या मुली तिच्याच जीपने शाळेत येऊ लागतात. पुस्तक आमच्या मुलींनी पानं सुटेपर्यंत वाचलं.

पुढे एक दिग्दर्शक शाळेत आले. त्यांना सिनेमा करायचा होता. शेवट बदलायचा होता, सविता जीप सोडून शिकायला शहरात जाते असा. आणि सविताचं बोलणं शहरातल्या प्रेक्षकांना कळेल असं करायचं होतं. ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग समोरचा करारनामा परत त्यांच्याकडे सरकवला.

"शेवट तुम्ही बदला, साहेब. सिनेमा तुमचा आहे. पण बोलणं माझ्या पोरींचं आहे. सविता 'येऊन राह्यले' असंच म्हणंल. न्हाई तर राहू द्या."

ते गेले. तीन महिने काही निरोप नाही. हातचा सिनेमा घालवला, असं स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणाले. खरं सांगायचं तर मीही म्हणाले. ताई वर्गावर जात राहिल्या. मग एके दिवशी होकार आला, आणि सविताचं काम करणारी मुंबईची नटी पंधरा दिवस ताईंच्या घरी राहून बोलायला शिकली. भाकरी थापायलाही शिकली म्हणे, पण ती भाकरी सिनेमात कुठे दिसली नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही अख्खा वर्ग घेऊन जालन्याला गेलो. पडद्यावर सविता म्हणाली, "येऊन राह्यले ना मी, बसा जल्दी," आणि आमच्या मुली आधी खुदकन हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या. आपलं बोलणं एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, आणि डोळे पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

परतीच्या गाडीत मी मात्र चिडले होते. जीप दारात तशीच उभी आणि सविता एसटीत बसून निघालेली... हा काय शेवट झाला? ताई वेगळ्याच गोष्टीत अडकल्या होत्या.

"वंदना, आई सविताला जीपची चावी देती ते पाह्यलंस का? मी तिथं दोन पानं लिहिली. आईचं काम करणाऱ्या त्या बाईनं नुसती पदराला चावी पुसली अन् दिली. मला ते सुचलं न्हाई." थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "शेवट मात्र माझाच बरा हाय."

शनिवारचा शेवटचा तास ताई वाचनाचा घ्यायच्या. आता तो माझ्याकडे आला आहे. गणिताच्या बाईला काय घेता येणार, या धास्तीतच गेले. मागच्या शनिवारी पुस्तकातला शेवट खरा की सिनेमातला यावरून वर्गात दोन तट पडले. एका मुलीने विचारलं, ताईंचं मत काय होतं? मला ते ठाऊक होतं, पण जिभेवर आलेलं मी परतवलं. ताई या तासाला कधीच आपलं मत आधी सांगत नसत. खुर्ची सोडून मुलींमध्ये बाकावर जाऊन बसत. मीही तशीच जाऊन बसले, आणि तिला म्हटलं, "तुझं काय ते सांग आधी."

ती उभी राहिली आणि बोलायला लागली. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही.