आर्विडच्या दातांसाठी प्रार्थना

एकतीस वर्षं मी आमच्या चर्चची आजाऱ्यांची यादी टाइप करते आहे. दर रविवारी पाद्रीबाई ती वाचतात आणि गाव त्या नावांसाठी प्रार्थना करतं. एवढ्या वर्षांत एक चूक नाही. आणि त्या ऑक्टोबरात मी अख्ख्या गावाला एका गिनी पिगच्या दाढांसाठी हात जोडायला लावले. वर, तो गिनी पिग आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. हसा आता.

पण दोष व्हर्लिनचाही आहे. व्हर्लिन टोस्ट्रुड आमच्या शाळेची बस चालवायचा, चौतीस वर्षं. बोलणं इतकं कमी, की फोनवर माणूस आहे की लाइन कटली ते कळू नये. लग्न केलं नाही. एकच भाऊ, आर्विड, वीस मैलांवर वडिलांच्या शेतावर गवत पिकवतो. दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र एका हिवाळ्यात बाहेर बर्फात राहिलं. ते आत घ्यायची पाळी कुणाची होती? व्हर्लिन म्हणाला, "तुझी." आर्विड म्हणाला, "बरं." झालं, संपलं! आमच्या मिनेसोटात आरडाओरडा करून कुणी भांडत नाही. माणूस 'बरं' म्हणतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

तर शुक्रवारी सकाळी चर्चच्या फोनवर व्हर्लिनचा निरोप होता. "लाव्होन, व्हर्लिन बोलतोय. आर्विडला यादीत घाल. दातांचं दुखणं आहे. खात नाही काही. वजन फार उतरलंय. डॉक्टर म्हणते, सोमवारपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही, तर मग... बरं, ठेवतो."

मी डोळे पुसत टाइप केलं, 'आर्विड टोस्ट्रुड, प्रकृती गंभीर.' आडनाव माझ्या पदरचं. व्हर्लिनने शाळेच्या तिसरीच्या वर्गातला एक म्हातारा गिनी पिग घरी आणून ठेवलाय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याला नाव काय म्हणून हाक मारतो, हे विचारायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं.

यादी छापून बाहेर पडली आणि शनिवारी दुपारपर्यंत व्हर्लिनच्या दारात सात हॉटडिश. खिमा, बटाटे आणि मशरूमचं डब्यातलं सूप ओव्हनमध्ये घालून होते ती हॉटडिश. आमच्याकडे दुःखाला दुसरं औषध नाही. पहिली अर्थातच मार्लिसची. गावात कुणी शिंकलं तरी हिचा ओव्हन पेटतो, फक्त मीठ घालायचं राहतं. तिने दारातच विचारलं, "खातोय का रे काही?"

"सिरिंजने भरवतो. लगदा करून, दर तीन तासांनी," व्हर्लिन म्हणाला.

"तू स्वतः?"

"टॉवेलात गुंडाळायचं आणि मांडीवर घ्यायचं. नाहीतर लाथा झाडतो."

"मांडीवर!" मार्लिसने डिश छातीशी धरली.

"दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या. गिळताच येईना. डॉक्टरने भूल देऊन घासल्या. आता चावायला विसरलाय."

"देवा रे!"

"शी मोजतो रोज. काल फक्त चौदा."

"फक्त?" मार्लिस म्हणाली आणि डिश ठेवून निघून आली.

दुसऱ्या कुठल्या गावात माणूस म्हणाला असता, 'अरे, आर्विड आहे कुठे? बघू दे की!' आमच्याकडे असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं. आणि व्हर्लिनला वाटत होतं, गाव किती मायाळू, एका मुठीएवढ्या जिवासाठी एवढं करतंय. तो सात वेळा आभारी आहे म्हणाला. तिकडे मार्लिसने सगळ्यांना सांगितलं, की व्हर्लिन भावाला मांडीवर घेऊन भरवतो. संध्याकाळी चर्चच्या महिला मंडळातल्या बायांनी मयताच्या जेवणासाठी ठेवलेलं हॅम फ्रीजरमधून बाहेर काढलं. ऐनवेळी घाई नको व्हायला म्हणून.

रविवारी चर्च सुटल्यावर मार्लिसचा दीर आर्विडच्या शेतावर गेला. बिचारा आजारी, निदान त्याच्या गाईंना पाणी तरी दाखवू, म्हणून. तर आर्विड ट्रॅक्टरवर बसलेला.

"तू इथे काय करतोस?" दीर म्हणाला. "तू व्हर्लिनच्या मांडीवर पाहिजेस."

हे मला नंतर कळलं. मी त्या वेळी सफरचंदाचा गर घेऊन व्हर्लिनकडे गेले होते. आणि मी काही मार्लिस नाही, सरळ आत शिरले. स्वयंपाकघरात टेबलावर वजनकाटा, सहा दुकानी पिशव्यांतलं सहा प्रकारचं गवत. व्हर्लिन खुर्चीत. मांडीवर टॉवेलची गुंडाळी आणि त्यातून बाहेर आलेलं तपकिरी नाक.

"आर्विड कुठाय?" मी म्हटलं.

"हा काय."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं मला, अरे मेल्या, गाव हॅम कापायला बसलंय! पण त्याचे डोळे पाहिले. तीन रात्री झोपलेला नव्हता.

"सातशे तीस ग्रॅम," तो म्हणाला. "अकराशे होता. तोवर खाल्लं नाही, तर शेवटच्या इंजेक्शनला उद्या नऊची वेळ दिलीय डॉक्टरने. खोक्यात मऊ टॉवेल घालून ठेवलाय."

"आणि नाव आर्विड कशाला ठेवलंस रे?"

"कोपऱ्यात जाऊन बसतो. आपल्याकडे पाठ करून."

तेवढ्यात अंगणात ट्रक थांबला आणि दार न वाजवता आर्विड आत आला. खरा. साडेसहा फुटी, चिखलाचे बूट, कामाचं जाकीट.

"मी मरतोय म्हणे," तो म्हणाला. अकरा वर्षांनंतरचे पहिले शब्द.

"तू नाही. हा," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या हातातली सिरिंज खाली पडली. आर्विड ती उचलायला वाकला. त्याच्या बाहीला गवताची एक काडी अडकली होती. टॉवेलमधलं नाक हललं, पुढे आलं आणि गिनी पिगने ती काडी दातांत धरली.

कुरकुर, कुरकुर.

"हलू नकोस," व्हर्लिन कुजबुजला.

आर्विड तसाच वाकून राहिला, हात पुढे करून, श्वाससुद्धा रोखून. एवढा मोठा बाप्या, पण काडी संपेपर्यंत पापणी हलवली नाही. मीही गराचं भांडं तसंच धरून उभी. त्या आवाजासाठी मी आणखी एकतीस वर्षं यादी टाइप केली असती.

"ट्रकमध्ये आणखी आहे," आर्विड म्हणाला.

"बाबांच्या खालच्या शेतातलं?"

"दुसऱ्या कापणीचं." मग त्याने मांडीवरच्या त्या जनावराकडे पाहिलं. "याला माझं नाव?"

व्हर्लिन टॉवेलची घडी नीट करत राहिला. मग म्हणाला, "घरात तुझं नाव तरी घेता यायचं. रोज."

"बरं," आर्विड म्हणाला.

मी मनात म्हटलं, गेला हा, आता आणखी अकरा वर्षं. पण आर्विडने दुसरी खुर्ची ओढली, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"लाव्होन," तो म्हणाला, "त्या सातांतली मार्लिसची कुठली? ती सोडून दुसरी गरम कर."