दोन दरबार, एक कॉलेज

मंडळी, आज इतका आनंद झालाय की गोविंदाला म्हटलं, आत्ताच लिहून घे!

मला दिसत नाही. तरी इंदूरच्या कॉलेजासाठी थोरल्या पातीच्या दरबारानं मला शिष्यवृत्ती दिली. पण पुस्तकं वाचून कोण दाखवणार? शाळेत गोविंदा दाखवायचा, पण त्याचं घर रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीत. आमच्या देवासात राजेच दोन, थोरली पाती नि धाकटी पाती, मधे नुसता रस्ता! "दुसऱ्यांच्या रयतेला आम्ही शिष्यवृत्ती कशी देणार?" थोरल्यांचे कारभारी म्हणाले.

माझे वडील तडक रस्ता ओलांडून धाकट्या दरबारात गेले. "थोरल्यांनी पोराला कॉलेज दिलं. त्याचे डोळे मात्र तुमच्याकडे आहेत, साहेब."

तिथले कारभारी ताठ झाले. "मग आम्ही काय मागं राहू?"

गोविंदाही निघाला कॉलेजात!

आता सांगा भिया, अहो भाऊ, पेढे रस्त्याच्या कुठल्या बाजूनं वाटायला घेऊ? एखादा राजा रुसायला नको!