निघतानाचे आवाज

वहिनींचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून गेलं, त्यामुळे त्यांच्या कानांना फसवणं सोपं नव्हतं. डोळ्यांचं सोडा, चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणाऱ्यांपैकी त्या. पण सहलीच्या गाड्या आणि तंबू मुक्कामाला असत त्या तळावरच्या कुठल्या तंबूत कोण कोणावर कशावरून रुसलंय, हे त्या बसल्या जागी सांगत.

त्यांचं फिरतं घर, म्हणजे आत दोन बिछाने, ओटा आणि बोटभर न्हाणीघर असलेली गाडी, वर्षभर त्या तळावर उभं होतं. गेल्या वर्षी यजमान गेले आणि गाडीही तिथेच थांबली. मुलाला आईची काळजी, म्हणून त्यानं गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. वहिनींनी विकायला साफ नकार दिला. शेवटी मायलेकांत ठरलं, की दोघी नणंदा-भावजयांनी कोणाची मदत न घेता गाडी आवरून फाटकाबाहेर काढली तर गाडी राहील, नाहीतर संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन जाईल. मुलगा सकाळीच येऊन हाताची घडी घालून खुर्चीत बसला.

चालवण्याचा प्रश्न नव्हता. नणंदबाईंनी शाळेची बस चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांनी आरशातून नुसतं पाहिलं तरी मागची पोरं गप्प बसत. घोडं अडलं होतं ते निघण्याच्या तयारीपाशी. "बाहेरचं माझं, आतलं तुझं," अशी यजमानांनी लग्नासारखीच कायमची वाटणी करून टाकली होती. वहिनी आत कप टॉवेलात गुंडाळायच्या, कपाटांच्या कड्या लावायच्या, आणि बाहेर ते काय करतात ते फक्त ऐकायच्या.

"वन्सं, आधी घळघळ व्हायची," वहिनींनी आतून सांगितलं.

"घळघळ म्हणजे?"

"सांडपाण्याची टाकी. ती रिकामी करायची."

आधी पाण्याचा आवाज, मग नणंदबाई. "झाली घळघळ. निम्मी गटारात, निम्मी माझ्या बुटांत."

मुलाला हसू आलं, ते त्यानं खोकून लपवलं.

"आता करकर. चार कोपऱ्यांना चार पाय टेकवलेत ना, ते हँडलनं वर घ्यायचे. तिसऱ्याला ते दम लागून खोकायचे."

"मग मीही खोकू?"

"नको. चौथा घ्या."

मग 'खट्ट' झालं. विजेची वायर निघाली आणि फ्रिजची घरघर थांबली. 'फरफर' झाली, दारावरचं कापडी छप्पर गुंडाळलं गेलं. चाकांखालचे लाकडी ठोकळे धडाधड पेटीत पडले. नणंदबाई मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. ही खुर्ची गाडीतली आहे."

तो उठला. खुर्ची आत गेली, पायरी दुमडली, दार लागलं. नणंदबाई चालकाच्या जागेवर बसल्या, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. वहिनी मात्र कान टवकारून तशाच बसून राहिल्या.

"थांबा. एक आवाज राहिलाय."

"सगळं झालंय, वहिनी."

"नाही झालं. शेवटी माझ्या पाठीमागच्या भिंतीवर बाहेरून धप, धप असं व्हायचं. मग वळसा घालून ते आत यायचे. त्याशिवाय गाडी कधी निघालीच नाही. काहीतरी बंद करायचे ते. झाकण, कडी, काहीतरी."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वाटेत काही सुटून पडलं, तर मुलाचंच खरं ठरणार होतं. नणंदबाईंनी इंजिन बंद केलं. मग त्या मागे वळल्या.

"वहिनी, तिथे झाकणही नाही आणि कडीही नाही. साधा पत्रा आहे. दादानं मला सायकल शिकवली ना, तेव्हा हात सोडताना पाठीवर अशाच दोन थापा मारायचा. पडणार नाहीस, जा आता, म्हणून."

इतकी वर्षं त्या थापा आपल्या पाठीवर होत्या आणि आपण कडी समजत बसलो, या विचारानं वहिनींना हसूही आलं आणि रडूही. दोन्ही त्यांनी मनसोक्त करून घेतलं.

मग नणंदबाईंनी खिडकीतून भाच्याकडे पाहिलं. "माझे गुडघे आता पुन्हा उतरायचं नाही म्हणतात."

"मी मदत करायची नाही असं ठरलंय, आत्या."

"ही मदत नाही."

त्यानं सगळं ऐकलं होतं. एकदा हातातल्या फोनकडे पाहिलं, तो खिशात घातला, आणि गाडीला वळसा घालून आईच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. पत्र्यावर दोन थापा पडल्या. बापापेक्षा जरा जोरातच.

"हाच का?" त्यानं बाहेरून विचारलं.

"हाच," वहिनी म्हणाल्या. "चला, वन्सं."