कासिमशेठची मांजरं

हौसेरावाला कुणी नमस्कार केला की तो आधी मागे वळून बघायचा, मागे दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. एकदा खात्री झाली की नमस्कार आपल्यालाच आहे, मग तो नमस्कार करणाऱ्याकडे असा बघायचा की समोरच्याला आपलाच हेतू वाईट आहे की काय असं वाटावं. मी त्याच्या असल्या नजरा अनेक वर्षं झेलल्या आणि दर वेळी मला त्याचा राग आला.

तो आमच्या प्राणी आसरा मंडळाचा राखणदार. आम्ही बेलापूर-वाशीकडची नोकरदार मंडळी. नावड्याला भाड्याच्या जमिनीवर जखमी जनावरांसाठी आम्ही आसरा काढला होता. ट्रकनं उडवलेली कुत्री, पाय मोडलेली गाढवं, कामातून गेलेले दोन बैल, आणि मालन नावाची एक पांढरी घोडी, असा तिथला कुटुंबकबिला. घोडी वरातींची. म्हातारी झाली तशी मालकानं तिला तळोज्याच्या रस्त्यावर सोडून दिलं होतं. हौसेराव मूळचा साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहून त्याची पाठ गेली, म्हणून तो आमच्याकडे आला. जनावरांचं तो मायेनं करायचा, त्यात खोट नव्हती. फक्त दोन पायांच्या कुणाहीवर त्याचा विश्वास नव्हता. औषधाची बाटली आणून दिली तर सील तुटलंय का ते उजेडात धरून बघायचा.

या माणसाच्या संशयाचा खास मानकरी म्हणजे कासिमशेठ. कासिमशेठ बटाट्याचे व्यापारी. दर शुक्रवारी नमाज झाली की मार्केटातला उरलेला पाला आणि गाजरं टेम्पोत भरून नावड्याला यायचे, स्वतःच्या हातानं घोडीला गाजरं भरवायचे आणि चहा न घेता जायचे. आम्ही कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्र्याण्णवच्या दंगलीनंतरचे दिवस होते, माणसं एकमेकांची नावं ऐकूनच चार पावलं मागे सरायची. आम्हाला शेठचं कौतुक वाटे. हौसेरावाला वेगळंच वाटे.

“फुकट कुनी कुनाला काडी देत न्हाई,” तो मला बाजूला घेऊन म्हणायचा. “शेठचा डोळा जमिनीवर हाय. रेल्वे येनार म्हनत्यात हिकडं.”

जमीन आपली नाहीच, भाड्याची आहे, हे सांगून माझं तोंड दुखलं. बकरी ईद जवळ आली की तो दोन्ही बैल गावातल्या एका ओळखीच्याकडे नेऊन बांधायचा आणि आम्हाला सांगायचा, पाहुण्यांकडे गेलेत. मला त्याची इतकी लाज वाटायची की त्या आठवड्यात मी नावड्याला जाणंच टाळायचो. कासिमशेठना हे कळलं होतं. ईदनंतरच्या शुक्रवारी ते नेहमीपेक्षा जास्त पाला आणायचे आणि सरळ चेहऱ्यानं विचारायचे, “काय हौसेराव, आले काय पाहुने परत?”

त्या दोघांचं भांडण कशावरूनही व्हायचं. जुनं छप्पर पावसाळ्यात बसलं, तेव्हापासून जनावरं ताडपत्रीखाली होती. नवं बांधायचं तर तोंड कुठं करायचं, यावर दोघं दर शुक्रवारी वाद घालायचे. हौसेरावाला तोंड रस्त्याकडे हवं होतं, म्हणजे फाटकातून कोण येतं-जातं ते आतून दिसेल. शेठ म्हणायचे, रस्त्याकडे म्हणजे कारखान्यांकडे, सगळा घाण वास आत येईल. घोडी संध्याकाळची खोकायची हे खरंच होतं. पण बांधायला पैसेच नव्हते, त्यामुळे हा वाद आम्ही कुणी मनावर घेतला नाही. हौसेराव शेठच्या बोलण्याचीही टर उडवायचा. शेठची आई रत्नागिरीकडची, तिचे शब्द त्यांच्या तोंडात बसलेले.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात शेठना लकवा झाला आणि थोड्याच दिवसांत ते गेले. महिन्याभरानं त्यांची मुलगी आरिफा आमच्या अध्यक्षा राजलक्ष्मीताईंच्या घरी आली. वाशीच्या शाळेत शिकवणारी, शांत मुलगी. अब्बांनी जाण्याआधी तोंडी वसियत केली होती, आणि त्यात मंडळासाठी चांगली मोठी रक्कम ठेवली होती. कशासाठी, तर मांजरांसाठी.

आमच्याकडे मांजर म्हणाल तर एकच, तेही पाहुण्यासारखं येऊन-जाऊन. पण राजलक्ष्मीताईंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्यात मांजर फार प्रिय असतं, मी वाचलंय, असं त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. शेठना मांजराला हात लावताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं, पण ते कुणाला आठवलं नाही. मग ताई कामाला लागल्या. जाळीचं मांजरघर, आत फरशा, दारावर शेठच्या नावाची संगमरवरी पाटी. जागा एकच होती, ताडपत्रीखालची. तेव्हा बैल आणि गाढवं एका गोशाळेला द्यायची असं ठरलं. घोडीला मात्र कुणी घेईना. तिचं बघू नंतर, असं ताई म्हणाल्या. म्हाताऱ्या घोडीचं नंतर काय बघतात ते सगळ्यांना माहीत होतं.

हौसेरावाला हे कळलं तसं त्यानं जेवण टाकलं. मला म्हणाला, पोरीनं काहीतरी भानगड केली आहे. शेठ मांजराला पैसे ठेवणाऱ्यातले नाहीत. त्या वेळी तरी मी त्याचं ऐकायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण जो माणूस पाण्याच्या टँकरवरही संशय घेतो त्याचं किती ऐकायचं?

मांजरघराची जागा दाखवायला आम्ही आरिफाला नावड्याला बोलावलं. ती पहिल्यांदाच येत होती. ताईंनी फरशांचे नमुने आणले होते. बदामाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या, चहा झाला, आणि ताई फरशी दाखवत असतानाच हौसेराव पुढे येऊन उभा राहिला.

“ताई,” तो आरिफाला म्हणाला, “शेठनी दुसरं कायतरी सांगितलंय. तुमी झाकताय.”

राजलक्ष्मीताई उठल्याच. त्यांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, मीही सांगितलं. नुकताच बाप गेलेल्या मुलीला असं बोलायचं म्हणजे हद्द झाली. आरिफाचा चेहरा उतरला होता. ती पर्स उचलून म्हणाली की तिला हे टेन्शन नको, शहरात दुसऱ्या संस्था आहेत, पैसे ती तिकडे देईल. ताईंच्या हातातली फरशी तशीच राहिली. पैसे चालले होते आणि आमच्याच माणसानं ते घालवले होते.

हौसेराव वाटेतून हलला नाही. त्याचं एकच म्हणणं होतं, शेठ काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगा, मग खुशाल जा.

“घ्या मग,” आरिफा म्हणाली. “त्यांची जीभ जड झाली होती, निम्मं कळत नव्हतं. म्हणाले, नावड्याला मांजर बांद. मांजराचं तोंड कारखान्याकडं नको, घोडी खोकते. आता याचा अर्थ मी काय लावायचा? बरळत होते ते. मांजर तेवढं कळलं, तेवढंच मी सांगितलं.”

हौसेराव तिथंच खाली बसला. नंतर हसला. त्याला हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

“मांजर न्हवं,” तो म्हणाला. “मांगर.”

आमच्यापैकी कुणालाच तो शब्द माहीत नव्हता. मग त्यानं सांगितलं. शेठ गोठ्याला मांगर म्हणायचे, त्यांच्या आईच्या गावाकडे घरापासून लांब असलेल्या गोठ्याला तसं म्हणतात. हौसेराव त्यावरूनच त्यांची चेष्टा करायचा, मांगर म्हणजे मांजराचं घर का हो शेठ, म्हणून. आरिफा मुंबईत वाढलेली. आजीच्या गावी ती लहानपणी एकदा गेली असेल नसेल, तिला हा शब्द कुठून माहीत असणार? ती पर्स धरून मान वळवून घोडीकडे बघत राहिली. राजलक्ष्मीताईंनी फरशीचे नमुने पिशवीत भरले. मांजर प्रिय असण्याबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

खरं तर इथं सगळं मिटलं होतं. पैसेही राहिले, जनावरंही राहिली. पण तो हौसेराव. बसल्या जागेवरून त्यानं पुन्हा आरिफाकडे तीच नजर लावली.

“अजून कायतरी हाय. तुमी अजून झाकताय.”

या वेळी मी खरोखरच त्याच्यावर ओरडणार होतो. पण आरिफा रागावली नाही. तिनं मान खाली घातली.

“हो,” ती म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हतं सांगितलं, काका.”

“सांगा.”

“म्हणाले, हौसेराव शक घेईल. त्याला घेऊ दे. त्याची खाट आत घाल, घोडीच्या बाजूला. सगळ्यांची राखण करत बसतो, रातचा झोपत नाय.”

मालन ताडपत्रीखाली पाय आपटत होती. हौसेरावानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं, चोर शोधावा तसं.

“मी झोपत न्हाई हे शेठला कुनी सांगितलं?” त्यानं विचारलं.

कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो आमच्याकडे राहत होता आणि तो कुठं झोपतो हेसुद्धा आम्ही कधी विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी कासिमशेठची फार आठवण आली, आणि आमची सगळ्यांची लाज वाटली.

मांगर उन्हाळ्यात बांधून झाला. आम्हीही त्याला मांगरच म्हणायला लागलो. पाटी लावली नाही, आरिफाच नको म्हणाली. तोंड कुठं करायचं हे गवंड्यानं विचारलं तेव्हा हौसेरावानंच हात करून दाखवलं, कारखान्यांकडे पाठ, रस्त्याकडेही पाठ. आत घोडीच्या बाजूला त्यानं खाट टाकली. शुक्रवारी आरिफा टेम्पो घेऊन येऊ लागली, तेव्हा पाल्याच्या पोत्यात तो पहिल्यासारखाच हात घालून बघायचा, तळाला काय भरलंय म्हणून.

एकदा सकाळी मी लवकर नावड्याला पोचलो. फाटक नुसतं लोटलेलं होतं, कुत्री माझ्यावर भुंकत होती. मी आत जाऊन मांगराच्या तोंडाशी उभा राहिलो. त्या खाटेवरून फाटक दिसत नाही. हौसेराव भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता.